बिलाच्या फंक्शनमध्ये किती 'जर' आहेत, ते आधी मोजा

व्हिडिओत कोड स्क्रीनवरून पटपट सरकतो, म्हणून तोच धडा इथे सावकाश लिहितो. कोडिंग येत नसेल तरी वाचा. तुमचं बिल एक्सेलच्या सूत्रावर किंवा गूगल शीटच्या स्क्रिप्टवर निघत असेल, तर हा थेट तुमच्या गल्ल्याचा विषय आहे.

२२ सप्टेंबर २०२५. त्या दिवशी घटस्थापना होती, अन् त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. नवरात्रात अंबादेवीच्या दर्शनाला आलेली गर्दी अमरावतीच्या बाजारातही उतरते, त्यामुळे आमचा ऑफरचा बोर्ड आधीच लागला होता. रेडीमेड कपड्याला आधी नगामागे १००० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के कर होता. आता २५०० पर्यंत ५ आणि त्यावर १८. आदल्या रात्री मी स्क्रिप्ट उघडली, आकडे बदलले आणि झोपलो.

पाचव्या दिवशी अकोल्याहून बस्ता काढायला आलेल्या एका ताईंनी दोन बिलं काउंटरवर ठेवली. दोन्ही कुर्त्यांची कराआधीची किंमत १३५० रुपये. "काहून भाऊ, एकावर पाच टक्के अन् दुसऱ्यावर बारा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक कुर्ता नेहमीच्या भावाचा होता, दुसरा ऑफरमधला, एवढाच फरक.

रात्री शोधलं तेव्हा कळलं. किंमत तपासून दर ठरवायची ओळ एकाच फंक्शनमध्ये तीन ठिकाणी होती: होलसेलसाठी, ऑफरसाठी आणि साध्या बिलासाठी. मी दोन ठिकाणी बदल केला. ऑफरवाली ओळ इतकी आत दडली होती की दिसलीच नाही. ऑफरची ४१ बिलं चुकली. १३५० च्या कुर्त्यावर ६७.५० ऐवजी १६२ रुपये कर घेतला गेला. ३००० च्या शेरवानीवर मात्र ५४० ऐवजी ३६० च घेतला, म्हणजे १८० रुपये माझ्या खिशातून. जास्त घेतलेला कर आपल्या गल्ल्यात ठेवता येत नाही, त्यामुळे क्रेडिट नोटा काढून लोकांना फोन करत बसलो.

फंक्शन लिहिणाऱ्या पोराला दोष देऊन फायदा नाही. पहिल्यांदा त्यात चारच अटी होत्या. पुढच्या मीच वाढवत गेलो, "एवढं एक टाकून दे" म्हणत.

आता मोजायचं कसं? थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये एक सोपं माप मांडलं, त्याला सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी म्हणतात. नाव मोठं आहे, हिशेब बोटावरचा. फंक्शनमध्ये रस्ता जिथे जिथे फुटतो, ती ठिकाणं मोजा आणि एक मिळवा. प्रत्येक 'जर' एक, प्रत्येक लूप एक. एकाच अटीत 'आणि', 'किंवा' असेल तर बरीच टूल्स तेही वेगळं धरतात. उत्तर म्हणजे त्या फंक्शनमधून जाणाऱ्या स्वतंत्र वाटा, आणि साधारण तेवढी बिलं तरी तपासायला लागतात. मॅककेब यांनी १० ही मर्यादा सुचवली, पण तो काही जादूचा आकडा नाही हेही सांगितलं.

माझं फंक्शन मोजलं. कापड की रेडीमेड, १. किंमतीची मर्यादा, ३. होलसेल, डझनाच्या वर नग, ऑफर सुरू आहे का, प्रत्येकी १. माल महाराष्ट्राबाहेर जातो का, ४ (बैतूलला पार्सल गेलं की आयजीएसटी लागतो). उधारी १, परत आलेला माल १. एकूण १३, अधिक एक, १४.

पण नुसता आकडा पाहू नका. ओळीनं लागलेले दहा 'जर' वाचता येतात, एकात एक घुसलेले चार डोकं फिरवतात. म्हणून सोनारसोर्स कंपनीनं कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी हे दुसरं माप आणलं. त्यात अट जितकी आत, तितके गुण जास्त. माझी चूक नेमकी तिथेच लपली होती.

दुरुस्तीआधी एक काम न चुकता करा. जुनी दहा-बारा बरोबर बिलं बाजूला काढा आणि त्यांची उत्तरं लिहून ठेवा. कोड बदलला तरी ही उत्तरं पैशाचीही हलता कामा नयेत. हे न करता कोड 'साफ' करणं म्हणजे चालू दुकानात फरशी उखडणं.

मग मी एका फंक्शनची चार केली. 'सूट_काढा' मध्ये होलसेल, डझन आणि ऑफर: माप ४. 'दर_काढा' मध्ये कापड की रेडीमेड आणि किंमत: ३. 'कर_विभागा' मध्ये राज्याबाहेर की आत: २. मुख्य 'बिल_काढा' मध्ये परत माल आणि उधारी: ३. तेरा अटींच्या आठ राहिल्या, कारण किंमत आणि राज्य या दोन्ही गोष्टी आता एकेकाच जागी तपासल्या जातात. परत माल असेल तर पहिल्याच ओळीत बाहेर पडायचं, खालचं सगळं त्याच्या पोटात कोंबायचं नाही. आधी नावं 'कॅल्क२', 'एक्स' अशी होती. ॲप्स स्क्रिप्ट ही जावास्क्रिप्टच आहे, देवनागरी नावं बिनधास्त चालतात. काउंटरवरच्या मुलीला नवं फंक्शन मोठ्यानं वाचायला लावलं. ती कुठेही अडली नाही.

उधारीचं वेगळं फंक्शन मुद्दाम केलं नाही. दोन ओळींसाठी आणखी एक नाव लक्षात ठेवायचं, मला ते पटत नाही. सध्या एआयला सांगितलं की तो दहा तुकडे करून देतो. तेही वाचताना दमायला होतं.

एक गोष्ट तुकडे केल्यावरच दिसली. दर हा सूट वजा केल्यानंतरच्या किंमतीवर ठरतो, म्हणून 'सूट_काढा' आधी आणि 'दर_काढा' नंतर. २७०० च्या ड्रेसवर १० टक्के सूट दिली की किंमत २४३०, कर ५ टक्क्यांनी १२१.५०. क्रम उलटा झाला तर १८ टक्क्यांनी ४३७.४०.

तुमच्या शीटमध्ये आज ही तीन बिलं टाकून पाहा, सूट न देता, रेडीमेडचा एकेक नग: २५०० ला कर १२५, २५०१ ला ४५०.१८, १३५० ला ६७.५०. मग तेच १३५० ऑफरनंतरची किंमत म्हणून टाका. उत्तर वेगळं आलं तर स्क्रिप्टमध्ये '१०००' हा आकडा शोधा, कुठेतरी आत एक राहिलेला असेल. एक्सेलमध्ये एकात एक ६४ 'इफ' घालता येतात. ती गाठ कशी सोडवायची, ते पुढच्या व्हिडिओत.