साचा बदलला की ताकद का बदलते?

प्रश्न : एकाच भट्टीतला अ‍ॅल्युमिनियमचा रस वाळूच्या आणि लोखंडी साच्यात ओतला, तर दोन्ही भागांची ताकद सारखी का नसते?

उत्तर : फरक पडतो तो रस गोठण्याच्या वेगामुळे. मोटारींच्या चाकांसाठी वापरला जाणारा ए३५६ हा मिश्रधातू घ्या. त्यात सुमारे ७ टक्के सिलिकॉन आणि थोडे मॅग्नेशियम असते. थंड होताना आधी अ‍ॅल्युमिनियमचे स्फटिक झाडासारखे फांद्या फोडत वाढतात. मग साधारण ५७७ अंश सेल्सिअसच्या आसपास फांद्यांमधला उरलेला रस सिलिकॉनसह गोठतो. लोखंडी साचा उष्णता झपाट्याने ओढतो, म्हणून फांद्या दाट येतात. वाळूत त्या विरळ राहतात. फांद्यांमधले अंतर गोठण्याच्या कालावधीच्या जवळजवळ घनमुळाच्या प्रमाणात वाढते.

सावकाश गोठलेल्या भागात सिलिकॉनच्या जाड पात्या आणि लोहयुक्त ठिसूळ सुया तयार होतात. विरघळलेल्या हायड्रोजनलाही बुडबुडे मोठे करायला वेळ मिळतो. तडा इथूनच सुरू होतो. त्यामुळे खरा फटका बसतो तो तुटण्यापूर्वीच्या लांबण्याला आणि थकवा सोसण्याच्या क्षमतेला. कायमची विकृती सुरू होणारा ताण मात्र फारसा घटत नाही.

अल्प स्ट्रॉन्शियमने सिलिकॉन बारीक, तंतुमय होतो. नंतरच्या उष्णताप्रक्रियेने तो गोलसर होतो, पण फांद्यांमधले अंतर तिने बदलत नाही आणि छिद्रेही भरत नाहीत. म्हणून भागापेक्षा निराळ्या वेगाने गोठणाऱ्या, वेगळ्या ओतलेल्या चाचणीच्या कांडीवर विसंबू नये. नमुना प्रत्यक्ष भागाच्या जाड जागेतून कापून तपासावा.