'बॉबी'तलं 'घे'

'बॉबी'तलं (१९७३) सोन्याचांदीचं गाणं आपल्या चिटगुप्प्यातही लोक गुणगुणतात. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, म्हणून चालही त्यांचीच असं वाटतं. पण मूळ गाणं कोकणी आहे : कार्लोस यूजेनिओ फरेरा यांची 'हांव सायबा पलतडी वेतां' ही देखणी, पॅरिसला १८९५ मध्ये छापलेली.

देखणी म्हणजे नाचत म्हणायचं गाणं. चाल पाश्चात्त्य वळणाची, साथीला घुमट. रचणारे ख्रिस्ती, पण गाण्यातली बाई बहुतेकदा हिंदू कलावंतीण. (हे मिश्रण मला फार आवडतं.) इथे तिला दामूच्या लग्नाला नदीपलीकडे जायचंय. वाट माहीत नाही. मग ती नावाड्यापुढे अंगावरचा एकेक दागिना धरते नि म्हणते, घे. तो नको म्हणतो.

हिंदीत नदी गेली, होडी गेली. नायकाला सोनंनाणं नको, कारण प्रेमात सौदा नसतो. मूळ गाणं तर सौद्याचंच होतं! 'घे' मात्र धृपदात राहिलं. हिंदी ऐकणाऱ्याला तो नुसता ठेका वाटतो. आपल्याला मराठीमुळे त्याचा अर्थ कळतो, तरी आपणही त्यावर नुसते नाचतो. एकदा नीट ऐका. ती बाई अजून काठावरच उभी आहे.