हृदयांतील छिद्र व त्याची नवी चिकित्सा

रामटेकचा गड पायऱ्यांनीं चढतांना आपणां सर्वांनाच दम लागतो व क्षणभर बसलें कीं तो ओसरतो. परंतु एखादें मूल दहावीस पायऱ्यांतच धापा टाकूं लागतें, वरचेवर खोकल्यानें आजारी पडतें, आणि अंगानें भरत नाहीं. अशा मुलाला आळशी ठरवून आपण मोकळे होतों. वस्तुतः त्याच्या हृदयांत जन्मापासूनच एखादा दोष असूं शकेल. जन्मणाऱ्या दर हजार बालकांत सुमारें आठ-नऊ बालकांना असा कांहीं ना कांहीं दोष असतो.

हृदयाचे कप्पे चार. उजव्या बाजूच्या दोहोंत शरीरांतून परत आलेलें रक्त येतें व तेथून फुप्फुसांत जातें. तेथें प्राणवायु घेऊन तें डाव्या बाजूस येतें आणि महारोहिणींतून सर्व देहभर पसरतें. या दोन बाजूंमध्यें एक भिंत असते. मूल आईच्या उदरांत असतांना त्याचीं फुप्फुसें काम करीत नसतात. म्हणून फुप्फुसांस वगळून जाण्याचे दोन मार्ग निसर्गानें ठेविलेले असतात. एक, वरच्या दोन कप्प्यांमधील भिंतींत. दुसरा, फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीस महारोहिणीशीं जोडणारी लहानशी वाहिनी. जन्मानंतर हे मार्ग बंद व्हावयाचे असतात. परंतु कधीं ती वाहिनी मिटत नाहीं, तर कधीं भिंतच पुरती वाढत नाहीं. बांधाला भोक पडलें म्हणजे पाणी जोराच्या बाजूकडून कमी जोराच्या बाजूकडे धांवतें. तद्वत् डावीकडील शुद्ध रक्त पुन्हां उजवीकडे शिरून फुप्फुसांवर अधिक भार घालतें.

पूर्वीं यावर कांहींच उपाय नव्हता. सन १९३८ मध्यें बोस्टन येथें डॉ. रॉबर्ट ग्रॉस यांनीं एका मुलीची उघडी राहिलेली वाहिनी शस्त्रक्रियेनें बांधून टाकिली. सन १९५३ मध्यें डॉ. गिबन यांनीं हृदयाचें काम यंत्रावर सोंपवून भिंतींतील छिद्र शिवलें. मात्र या सर्व उपायांत छाती उघडावी लागे.

छाती न उघडतां हृदयापर्यंत पोंचण्याचा मार्ग त्यापूर्वींच एका तरुण जर्मन डॉक्टरानें दाखविला होता. सन १९२९ मध्यें व्हेर्नर फोर्समन यानें स्वतःच्या हाताच्या नीलेंतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत सरकविली आणि क्ष-किरणांनीं तिचें छायाचित्र घेतलें! या साहसाचा गौरव पुढें १९५६ सालीं नोबेल पारितोषिकानें झाला. सन १९६६ मध्यें डॉ. रॅशकिंड यांनीं अशाच नळीच्या टोंकाशीं फुगा लावून अर्भकाच्या हृदयांत उपचार केला. १९६७ सालीं बर्लिन येथें डॉ. पोर्स्टमन यांनीं उघडी वाहिनी नळीच्याच वाटेनें बंद केली.

आज पुष्कळ मुलांच्या हृदयांतील छिद्र याच रीतीनें बुजवितां येतें. जांघेंतील नीलेंतून नळी हृदयांत नेतात. तिच्या पोटांत दुमडून बसविलेली धातूच्या तारांची जाळी असते. निकेल व टायटेनियम यांच्या या मिश्रधातूचा गुण असा कीं, तो दुमडला तरी आपला मूळ आकार विसरत नाहीं. नळीबाहेर येतांच ती जाळी चपट्या डमरूसारखी उलगडते; एक चकती भिंतीच्या या अंगास, दुसरी त्या अंगास, आणि बारीक कंबर छिद्रांत. कांहीं महिन्यांत तिच्यावर हृदयाचेंच अस्तर चढतें. छातीवर व्रण राहत नाहीं, व बहुधा एकदोन दिवसांत मूल घरीं जातें. तथापि छिद्र फार मोठें असल्यास, किंवा चकतीस टेकावयास पुरेशी कड नसल्यास, आजही शस्त्रक्रियाच करावी लागते.

परंतु या विद्येस एक मर्यादा आहे, ती काळाची. मोठें छिद्र वर्षानुवर्षें तसेंच राहिलें तर अधिक रक्ताच्या माऱ्यानें फुप्फुसांतील वाहिन्या जाड व कठीण होतात, रक्ताचा ओघ उलटा फिरतो, ओंठ व नखें निळसर पडतात. मग छिद्र बुजविणें हेंच धोक्याचें ठरतें. जो दोष बालपणीं तासा-दोन तासांत दुरुस्त झाला असता, तो पुढें असाध्य होऊन बसतो.

म्हणून वेळीं ओळखणें हाच खरा अर्धा उपचार होय. आपल्या महाराष्ट्रांतच, पालघर येथें, सन २०१३ मध्यें राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्याचीं पथकें अंगणवाड्यांत वर्षांतून दोनदां व सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदां मुलांस तपासतात, आणि दोषाचा संशय आल्यास पुढील तपासणीस पाठवितात. छातीस लावलेल्या नळींतून ऐकूं येणारा प्रत्येक जादा आवाज रोगाचाच असतो असें नाहीं. पण त्याची शहानिशा झालीच पाहिजे. रामटेकहून नागपूर सुमारें पन्नास किलोमीटर. तेवढें अंतर एका बालकाच्या सबंध आयुष्यापुढें कांहींच नव्हे.

तेव्हां तपासणीच्या दिवशीं कोणी गैरहजर राहूं नये. आणि आपल्या वर्गांतील दमणाऱ्या सोबत्यास हंसण्यापूर्वीं त्याच्याविषयीं गुरुजींस अवश्य सांगावें.