वीज गेली, चकती अर्धवट राहिली?

छत्रपती संभाजीनगरकडे वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांमुळे सीएनसी यंत्र नवलाचे राहिलेले नाही. घरच्या शेडमधील छोट्या यंत्रावर टोकण यंत्राची नायलॉनची चकती कापताना वीज गेल्यास चकती शिकंजातून सोडू नये. मुख्य कळ बंद करून उभा स्क्रू हाताने फिरवावा व कटर वर घ्यावा. साध्या स्टेपर मोटारीला आपली जागा आठवत नाही. म्हणून वीज येताच होमिंग करून शून्यबिंदू खुणेशी ताडून पाहावा. अर्धवट छिद्रापूर्वी कटर वर होता त्या ओळीपासून काम सुरू करावे. मात्र त्याआधी मिलिमीटर, निरपेक्ष माप, स्पिंडल व वेगाच्या आज्ञा (जी २१, जी ९०, एम ३, एफ) पुन्हा द्याव्यात. हे बहुतेकजण विसरतात! शून्य अर्धा मिलिमीटर जरी सरकला तरी छिद्र लांबट होते आणि मक्याचे दोन-दोन दाणे पडू शकतात.