रस प्यावा, पण पारखून



आज मी तुम्हांला माझीच एक चूक सांगणार आहे. तीस-पस्तीस वर्षे मी शाळेत मास्तरकी केली. मुलांच्या चुका लाल शाईने दाखवल्या. ही चूक मात्र माझी स्वतःची आहे. ती ऐकून तुमच्यापैकी एकाचा जरी जीव वाचला, तरी सांगायची लाज मला वाटणार नाही.

गुरुजींची चूक

मी नोकरीतून मोकळा झालो. त्याच वर्षी तपासणीत माझ्या रक्तात साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. रोज चालायला सांगितले. मी तसे करू लागलो.

पण आपल्याकडे आजारी माणसाला सल्ले देणारे काही कमी नाहीत. एक जण म्हणाले, "गुरुजी, रोज सकाळी अनशापोटी दुधीचा रस घ्या. अंगातलं सगळं विष निघून जातं." मोबाईलवरही कोणीतरी तेच सांगत होते. मला ते पटले. परसात दुधीचा वेल होताच. मी रोज एक पेला रस पिऊ लागलो. दोन महिने काही झाले नाही.

एका सकाळी मंडळींनी रस काढला. बोटाला लागलेला थेंब चाखून त्या म्हणाल्या, "अहो, आज दुधी कडू लागतोय. टाकून देऊ का?"

मी म्हणालो, "अगं, कडू तेच औषध! घरचा दुधी आहे. वाया कशाला घालवायचा?"

आणि नाक दाबून मी सगळा पेला घटाघटा रिकामा केला.

अर्धा तासही झाला नसेल. पोटात पिळवटून कळा येऊ लागल्या. मग उलट्या सुरू झाल्या. पाठोपाठ जुलाब. तिसऱ्या-चौथ्या उलटीत रक्त पडले. डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलाने जीपमध्ये घालून मला तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेले. रक्तदाब फार उतरला होता. लगेच सलाईन लावले. तीन दिवस मी खाटेवर होतो.

डॉक्टरांनी विचारले, "सकाळी काय घेतलं होतं?"

"दुधीचा रस."

"कडू होता का?"

"होता."

"मग थुंकला का नाहीत, गुरुजी?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. डॉक्टर म्हणाले, "या विषावर उतारा नाही. तुम्ही वेळेवर आलात, म्हणून निभावलं."

दुधीत विष कुठून आले?

तुम्ही म्हणाल, दुधी ही तर पथ्याची भाजी. आजाऱ्याला, बाळंतिणीला आपण ती देतो. तिच्यात विष कसे?

दुधी, काकडी, दोडका, घोसाळे, भोपळा ही सगळी एका कुळातली वेलफळे. किड्यांनी आणि जनावरांनी खाऊ नये, म्हणून हे वेल एक कडू द्रव्य तयार करतात. शास्त्रात त्याला कुकुर्बिटासिन म्हणतात. खाण्याच्या दुधीत ते अगदी थोडे असते. पण कडक ऊन पडले, पाण्याचा ताण बसला, किंवा बी कडू रानटी जातीशी मिसळले, तर ते वाढते. असा दुधी दिसायला चांगल्या दुधीसारखाच असतो. तोच हिरवा रंग, तीच कोवळी साल. डोळ्यांना फरक कळत नाही. जिभेला मात्र लगेच कळतो.

आता नीट विचार करा. कडू दुधीची भाजी झाली, तर काय होते? पहिल्या घासालाच आपण तोंड वाकडे करतो आणि भाजी बाजूला सारतो. पोटात फार तर एक फोड जाते. रसाचे तसे नाही. अर्धा-पाऊण दुधी एका पेल्यात येतो. तो आपण औषध म्हणून नाक दाबून पितो. त्यात आवळा, आले, लिंबू घातले असेल, तर कडवटपणा झाकून जातो. जीभ ही पोटाच्या दारावरची राखणदार आहे. रस पिताना आपण त्या राखणदारालाच बाजूला सारतो.

२०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधीचा कडू रस पिऊन मृत्यू झाला. शिकलेला माणूस, पण त्यालाही हा धोका ठाऊक नव्हता. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचा अहवाल २०१२ साली छापून आला. त्यातला सल्ला सोपा आहे. रस काढण्याआधी दुधीची लहान फोड चाखा. कडू लागली, तर दुधी टाकून द्या. दुधीच्या रसात दुसरा रस मिसळू नका. रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, पोटदुखी किंवा जुलाब झाले, तर लगेच दवाखाना गाठा.

कडू दुधी शिजवूनही खाऊ नये. शिजवल्याने त्याचे विष जात नाही.

कोणी विचारील, "मग कारल्याचे काय?" कारले जातीनेच कडू. त्याचा कडूपणा निराळ्या द्रव्याचा. कारल्याची भाजी आपण खुशाल खावी. पण साखरेच्या गोळ्या चालू असताना कारल्याचा रस मनाने सुरू करू नये. दोन्ही मिळून साखर एकदम उतरू शकते. आधी डॉक्टरांना विचारावे.

अंगातले विष कोण काढते?

'रसाने अंगातले विष निघते' असे लोक म्हणतात. शहरात याला 'डिटॉक्स' असे नाव आहे. महाग बाटल्याही विकत मिळतात. पण हे काम देवाने आणि निसर्गाने आधीच दुसऱ्यांना नेमून दिले आहे.

उजव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली यकृत असते. बोकडाच्या मटणात आपण ज्याला कलेजी म्हणतो, तेच. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलोचे असते. दारू असो, औषध असो, नको असलेले पदार्थ मोडून टाकणे हे त्याचे काम.

कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला दोन मूत्रपिंडे असतात. त्यांना आपण किडन्या म्हणतो. एकेक आपल्या मुठीएवढी. त्या दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातले बहुतेक पाणी रक्तात परत जाते. दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर पडते, आणि घाण त्याच्याबरोबर जाते.

ही झाडलोट रात्रंदिवस चालते. रस प्यायला, तरच चालते असे नाही. या झाडूवाल्यांना जपायचे असेल, तर दारू आणि तंबाखू सोडा. पुरेसे स्वच्छ पाणी प्या. साखर आणि रक्तदाब ताब्यात ठेवा. वेदनेच्या गोळ्या मनाने खाऊ नका. याहून मोठा डिटॉक्स नाही.

फळ खावे की रस प्यावा?

रस वाईट आहे का? नाही. पण रसापेक्षा फळ चांगले.

एक पेला रसाला तीन-चार संत्री लागतात. रस आपण एका मिनिटात पितो. तीच संत्री सोलून खायला बसलो, तर एक-दोनांतच पोट भरल्यासारखे वाटते. शिवाय रस काढताना चोथा आपण फेकून देतो. त्या चोथ्याने पोट साफ राहते आणि साखर रक्तात हळूहळू उतरते. चोथा गेला, की साखर झटकन चढते. म्हणून मधुमेह असलेल्याने फळाच्या रसापेक्षा, डॉक्टर सांगतील तेवढे फळच खावे.

जागतिक आरोग्य संघटना सांगते, की मोठ्या माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खावीत. त्यासाठी महाग फळे नकोत. पेरू, आवळा, पपई, केळे, बोरे, जांभळे, गाजर, टोमॅटो, पालेभाजी. हे सारे आपल्या बांधावर आणि बाजारात मिळते.

शहरात फळे आणि दही मिक्सरमध्ये घुसळून 'स्मूदी' करतात. त्यात चोथा राहतो, हे बरे. आपणही पपई किंवा केळे दह्यात घुसळून तसे करू शकतो. वर साखर मात्र घालू नये.

रसवंती आणि बर्फ

उन्हाळ्यात घुंगरांचा आवाज आला, की पाय रसवंतीकडे वळतात. उसाचा रस गोड लागतो, तरतरी येते. पण १०० मिलिलिटर रसात १३ ते १५ ग्रॅम साखर असते. म्हणजे एका मोठ्या पेल्यात सहा-सात चमचे. कधीतरी प्यावा, रोज नको. मधुमेह असलेल्याने तर नकोच.

कावीळ झाली, की उसाचा रस प्या असे म्हणतात. तो पिऊन कावीळ बरी होते असे समजून डॉक्टरकडे जायचे टाळू नका. आणखी एक गोष्ट आहे. काविळीचे काही प्रकार घाण पाण्यातूनच पसरतात. बर्फ घाण पाण्याचा असेल, पेले एकाच बादलीत बुचकळले असतील, तर त्या रसातूनच कावीळ घरी येते. गोठल्याने रोगाचे जंतू मरत नाहीत. म्हणून रस बिनबर्फाचा, धुतलेल्या उसाचा आणि डोळ्यांदेखत काढलेला घ्यावा.

कोणी जास्त जपावे?

ज्यांची किडनी कमजोर आहे, त्यांनी रस मनाने पिऊ नयेत. फळांच्या आणि भाज्यांच्या रसात पोटॅशियम नावाचा क्षार असतो. कमजोर किडनीला तो बाहेर टाकता येत नाही. तो रक्तात साचला, तर हृदयाला धोका होतो. कमरख हे आंबट फळ तर त्यांनी मुळीच खाऊ नये.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. वर्षाच्या आतल्या मुलाला फळाचा रस देऊ नये. सहा महिन्यांनंतर मऊ फळ कुस्करून भरवावे.

आणि रस सुरू केला म्हणून डॉक्टरांच्या गोळ्या कधीही बंद करू नका.

शेवटी

आता आमच्या घरी दुधी येतो, पण भाजीसाठी. चिरला, की पहिली चकती मी चाखतो. नातू हसतो. म्हणतो, "आजोबा, परीक्षा घेताय का?" मी म्हणतो, "होय बाबा. दुधी नापास झाला तर चालेल, आपण होता कामा नये."

माझ्या गोळ्या चालू आहेत. रोज सकाळी शेताकडे चालत जातो. दुपारी ताक पितो. साखर ताब्यात आहे.

लक्षात ठेवा

१. दुधी, काकडी, दोडका चिरताना आधी चाखा. कडू लागला तर थुंका आणि टाकून द्या.
२. 'कडू तेच औषध' ही समजूत दुधीला लावू नका.
३. रस पिऊन उलट्या झाल्या, तर घरगुती उपाय करत बसू नका. दवाखान्यात जा.
४. फळ धुऊन, चोथ्यासकट खा.
५. रस हे अन्न आहे. औषधाच्या जागी ते चालत नाही.

नवे शब्द

अनशापोटी – काही न खाता
चोथा – रस काढल्यावर उरणारा भाग
यकृत – लिव्हर
मूत्रपिंड – किडनी
उतारा – विष उतरवणारे औषध

प्रश्न

१. गुरुजींनी कोणती चूक केली?
२. कडू दुधी डोळ्यांना ओळखता येतो का? मग कसा ओळखावा?
३. रसापेक्षा फळ का चांगले?
४. हा धडा आज घरात मोठ्याने वाचून दाखवा. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आधी.