बँकॉकचा तीन दिवसांचा अभ्यासप्रवास

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५४ साली रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले, आणि १६ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. बौद्ध देश एकदा पाहावा, असे आपल्या बांधवांना वाटणे स्वाभाविक आहे. मात्र सहलीपायी घर कर्जात जाऊ नये, म्हणून आम्ही हे नियोजन मांडतो.

काळ : पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडची वाट अडते. धानाची मळणी आटोपून जानेवारीत निघावे. बँकॉकलाही तेव्हा कोरडी हवा असते.

कागदपत्रे : पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून अधिक शिल्लक असावी. सर्व कागदांवर नाव एकसारखे हवे. दुरुस्ती आधी, तिकीट नंतर. व्हिसाचे नियम बदलतात; वकिलातीकडून खात्री करावी.

स्थळे : पहिल्या दिवशी वाट फो येथील ४६ मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती आणि जवळचे वाट फ्रा केओ पाहावे. दुसऱ्या दिवशी वाट त्रैमित. तेथील मूर्ती चुन्याची समजली जाई. १९५५ साली हलविताना लेप फुटला आणि आतून सोने दिसले. तिसरा दिवस राष्ट्रीय संग्रहालयासाठी ठेवावा; सुटीचा वार आधी पाहावा. नदीकाठची स्थळे बोटीने स्वस्तात होतात.

विहारात खांदे व गुडघे झाकलेले असावेत. रोज रात्री टिपण लिहावे आणि परतल्यावर ते आपल्या विहारात वाचावे. म्हणजे एकाच्या खर्चात साऱ्या वस्तीचा अभ्यास होईल.