मृत्युपत्र आणि वारसनोंद

मृताच्या मालमत्तेवर १९५३ च्या अधिनियमान्वये आकारले जाणारे संपदा शुल्क १९८५ साली रद्द झाले. वारसांवरील कराचा भार उतरला. कागदपत्रांची जबाबदारी मात्र कायम आहे.

मृत्युपत्र साध्या कागदावरही करता येते. त्यावर करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांचे साक्षांकन आवश्यक असते. नोंदणी ऐच्छिक आहे. लाभार्थीस साक्षीदार न करणे श्रेयस्कर.

शेतजमिनीच्या वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी, असे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४९ सांगते. वर्दीत मुलींची नावे वगळू नयेत. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आहे. सातबाऱ्यावरून सुटलेले नाव पुढे भावाबहिणींना न्यायालयाची पायरी चढावयास लावते. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी ही माहिती ग्रामसभेत अवश्य द्यावी.